साग किती मागचे लक्षात ठेवतो? पूर्व विदर्भातील एका पोस्टडॉक प्रकल्पाचे प्रकरण

झाडाच्या यंदाच्या वलयाची जाडी ठरवण्यात यंदाच्या पावसाचा वाटा किती आणि मागच्या दोन-चार वर्षांच्या पावसाचा किती, हा प्रश्न घेऊन एका तरुण संशोधिकेने दोन वर्षांची पोस्टडॉक्टरल, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, फेलोशिप सुरू केली. झाड सागाचे, जंगल पूर्व विदर्भातले शुष्क पानझडी. या प्रकल्पात सांख्यिकीची बाजू मी सांभाळत होतो. व्यक्ती, संस्था आणि वनविभाग ओळखू येणार नाहीत अशा बेताने हे प्रकरण लिहिले आहे. ते लिहावेसे वाटले याचे कारण एकच. मधल्या टप्प्यावर हाती आलेला निकाल देखणा होता, नेहमीच्या चाचण्यांना पुरून उरला होता, आणि तरीही त्यातला निम्मा भाग पावसाचा नव्हता.

पार्श्वभूमी

उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडांत वर्षाचे वलय नीट दिसत नाही. साग त्याला अपवाद आहे. कोरड्या महिन्यांत तो पाने गाळतो, वाढ थांबवतो, आणि नवा हंगाम सुरू झाला की मोठ्या वाहिन्या आणि फिकट पेशींची एक पट्टी तयार करून पुन्हा लाकूड घडवायला लागतो. ती पट्टी गुळगुळीत केलेल्या लाकडावर भिंगातून स्पष्ट दिसते. म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ठाण्याच्या सागावर काम झाले. होशंगाबादच्या सागावरून जून ते सप्टेंबर या काळातल्या पावसाची पुनर्रचना २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. केरळच्या सागाची १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका २०१० मध्ये आली आणि तिच्यात एल निनोशी जोडलेल्या दुष्काळांच्या खुणा सापडल्या.

या कामांचा मुख्य रोख वलयावरून पाऊस ओळखण्याकडे होता. आमच्या संशोधिकेला उलट दिशेने जायचे होते. पाऊस ठाऊक आहे, आता वलय कसे बनते ते सांगा, आणि त्यासाठी किती मागे जावे लागते तेही सांगा. २०१४ आणि २०१५ असे सलग दोन मान्सून तुटीचे गेल्यावर या प्रश्नाला धार आली होती. दोन दुष्काळांचे नुकसान म्हणजे एकेका दुष्काळाच्या नुकसानीची नुसती बेरीज, की दुसरा दुष्काळ आधीच खंगलेल्या झाडाला जास्त मारतो?

मागच्या वर्षाचा परिणाम ही गणिताची करामत नव्हे, त्याला झाडाच्या शरीरात आधार आहे. साग उन्हाळ्याच्या शेवटी, पुष्कळदा मोठा पाऊस येण्याआधीच, पालवी फोडतो. त्या पानांना लागणारे अन्न गेल्या पावसाळ्यात तयार होऊन खोडाच्या रसकाष्ठात, म्हणजे बाहेरच्या जिवंत लाकडात, स्टार्चच्या रूपाने साठलेले असते. पेवातल्या धान्यावर पेरणीपर्यंतचे दिवस काढावेत तसा साग मे-जून काढतो. गेल्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस लवकर आटला असेल तर पाने आधी वाळतात, साठा कमी होतो, आणि यंदाची सुरुवात अशक्त होते.

जगभरातल्या १३३८ ठिकाणच्या वलयांवर आधारलेला एक अभ्यास २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. तीव्र दुष्काळानंतर झाडांची वाढ एक ते चार वर्षे अपेक्षेपेक्षा कमी राहते आणि कोरड्या प्रदेशांत हा परिणाम अधिक ठळक असतो, असे त्यात दिसले. ती झाडे मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशातली होती. मान्सूनवर जगणाऱ्या पानझडी झाडाचे काय, हा प्रश्न खुलाच होता.

साहित्य आणि जागा

नमुने दोन प्रकारचे होते. काही उभ्या झाडांतून बोअररने काढलेले, पेन्सिलीपेक्षा बारीक गाभे. बाकीच्या, कूपतोडीनंतर (कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा) ओंडक्यांच्या बुडातून कापलेल्या चकत्या. उभ्या सागाला भोक पाडायला वनखाते सहजासहजी तयार होत नाही आणि त्यात त्यांचे चुकते असे मला वाटत नाही, कारण त्या भोकातून कुजण शिरू शकते. आगारातल्या ओंडक्यांवर हातोड्याचे शिक्के असतात. त्यांवरून ओंडका कोणत्या कूपातून आला हे कळले, म्हणून चकत्या उपयोगी पडल्या.

दोन जागा, म्हणजे जंगलाचे दोन कक्ष (वनखात्याने आखलेले विभाग), निवडल्या होत्या. एक गाडीरस्त्यालगतचे सपाटीचे कक्ष आणि दुसरे नाल्याच्या वरच्या अंगाचे तीव्र उताराचे कक्ष. दोन्हीकडे शतकभराहून जुनी झाडे मिळाली. पावसासाठी भारतीय हवामानशास्त्र विभागाची अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटीतली १९०१ पासूनची दैनिक नोंद घेतली. तापमानाची चौकटीतली दैनिक नोंद १९५१ पासूनच मिळते, त्यामुळे पहिल्या अर्धशतकासाठी पावसावरच भिस्त ठेवावी लागली.

वलयांचे वर्ष जुळवण्याच्या कामाला अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. जुलैत मोठा खंड पडून ऑगस्टमध्ये पुन्हा जोराचा पाऊस झाला की साग एका वर्षात दोन वलयांचा भास देतो. उलट फार वाईट वर्षी खोडाच्या एका बाजूला वलय जवळपास नसतेच. हाताने आलेख काढून झाडाला झाड जुळवणे, मग कोफेचा या संगणक-प्रणालीने तपासणे, आणि शंका आली की पुन्हा भिंगाखाली लाकूड धरणे हाच क्रम चालू राहिला. ही पायरी चुकली तर पुढचे मागच्या वर्षांविषयीचे सगळे बोलणे पोकळ ठरते. एक वलय जास्त मोजले गेले की दुष्काळाचा परिणाम एक वर्ष सरकतो आणि तो नेमका झाडाच्या ‘स्मृती’सारखा, म्हणजे मागच्या वर्षांच्या परिणामासारखा, दिसतो.

पहिला निर्णय: वलयांतली सलगता धुवायची की ठेवायची

वलयशास्त्रात एक रुळलेली पद्धत आहे. जाड वलयामागून जाड आणि बारीक वलयामागून बारीक येण्याचा कल वलयांत असतो. हवामानाची पुनर्रचना करताना हा कल अडचणीचा ठरतो, म्हणून तो आधी गणिताने काढून टाकतात आणि उरलेली मालिका पावसाशी ताडून पाहतात. मार्गदर्शकांनी तेच सुचवले, आणि त्यांच्या म्हणण्याला आधार होता. समीक्षक हीच पद्धत मागतात, आधीच्या कामांशी तुलना करता येते, निकाल लवकर हाती येतो.

संशोधिकेचा आक्षेप नेमका होता. मागच्या वर्षांचा परिणाम शोधायला निघालो आणि पहिल्याच पायरीवर तो पुसून टाकला, तर उरते काय? तिसरा पर्याय होता व्हीएस-लाइटसारख्या प्रतिरूपाचा, म्हणजे वाढीच्या गणिती मॉडेलचा. ते महिन्याच्या पावसातून आणि तापमानातून मातीच्या ओलाव्याचा हिशेब ठेवते, आणि ओलावा व तापमान यांपैकी ज्याची टंचाई असेल त्यावर वाढ ठरवते. ते स्वच्छ आहे, पण त्यातली स्मृती मुख्यतः मातीची. झाडाने साठवलेल्या अन्नाचा हिशेब त्यात नाही.

शेवटी चौथा मार्ग घेतला. दर झाडाचे कच्चे मोजमाप तसेच ठेवायचे, वय आणि घेर यांचा परिणाम प्रतिरूपातच वेगळा मांडायचा, आणि मागच्या प्रत्येक महिन्याच्या पावसाला किती वजन द्यायचे हे आधी न ठरवता मोजमापांवरूनच काढायचे. सगळ्या वजनांची बेरीज एक. कोणत्या महिन्याला जास्त वजन मिळते ते बेझियन पद्धतीने, म्हणजे शक्यतांच्या गणिताने, शोधायचे. या प्रकारची मांडणी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या कोरड्या जंगलांसाठी आधीपासून वापरात होती. मार्गदर्शक एका अटीवर राजी झाले: रुळलेली पद्धतही समांतर चालवायची आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवायचे. ही अट पुढे फार कामाची ठरली.

महिन्यावार वजन का हवे, हे दोन वर्षांवरून समजते. २००२ आणि २००९ या दोन्ही वर्षी देशाच्या मान्सूनची तूट साधारण एक पंचमांश होती. पण २००२ मध्ये मार बसला तो जुलैला. त्या महिन्यात देशात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला. २००९ मध्ये जून कोरडा गेला. हंगामाची बेरीज पाहणाऱ्याला ही वर्षे सारखी वाटतात. भर वाढीत खंड पडणे आणि वाढ उशिरा सुरू होणे या सागासाठी दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

अडचण

प्रतिरूप चालले. यंदाच्या जुलै-ऑगस्टला चांगले वजन, गेल्या वर्षीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरला जवळपास तेवढेच, आणि मग मागे जावे तसे हळूहळू उतरत जाणारे, पण चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत शून्याला न टेकणारे एक शेपूट. ते ‘सायन्स’मधल्या निष्कर्षाशी छान जुळत होते. सागाची स्मृती चार-पाच वर्षांची, असा लेख तयार होण्याच्या बेतात होता आणि फेलोशिपचे दुसरे वर्ष सुरू झाले होते.

शंका दोन जागांच्या तुलनेतून आली. शेपूट लांब होते ते एकत्र आकड्यांत. दोन्ही कक्षे वेगळी चालवली तेव्हा उताराच्या कक्षात ते दुसऱ्या वर्षापलीकडे मावळत होते, सपाटीच्या कक्षात मात्र लांबच लांब जात होते. अंतर थोडे, पाऊस जवळपास एकच, झाडाची जात एकच. सपाटीची जमीन खोल, त्यामुळे तिथे ओलावा जास्त काळ टिकतो आणि म्हणून स्मृती लांब, असा अर्थ लावता आला असता. तो सुचलाही, चर्चेत मांडलाही गेला, आणि ऐकायला पटणारा होता.

दुसरा निर्णय: चाचणी कशी घ्यायची

तोवर प्रतिरूपाची परीक्षा नेहमीसारखी झाली होती. काही वर्षे चिठ्ठ्या टाकून बाजूला काढायची, उरलेल्यांवर प्रतिरूप बसवायचे, बाजूला काढलेली वर्षे ओळखता येतात का ते पाहायचे. अशा परीक्षेत ते उत्तम गुणांनी पास होत होते. पण सलग वर्षे एकमेकांसारखी असतील तर १९८८ झाकून उपयोग काय, जेव्हा १९८७ आणि १९८९ प्रतिरूपाने पाहिलेली आहेत? उत्तराचा निम्मा भाग शेजारच्या वर्षांतून झिरपतो.

म्हणून सलग दशके झाकून परीक्षा घ्यायचे ठरले. शिवाय मोठे दुष्काळ एकेक करून त्यांच्या पुढच्या वर्षांसकट झाकायचे: १९७२, १९८७, २००२. यात गणनेचा वेळ कित्येक पटींनी वाढला आणि मार्गदर्शकांना तो परवडणारा वाटत नव्हता. माझ्या मते प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. १९८७ चा दुष्काळ आणि १९८८ चा भरघोस मान्सून दोन्ही झाकले असता उताराची झाडे प्रतिरूपाने बऱ्यापैकी ओळखली. सपाटीच्या झाडांबाबत ते साफ आपटले. आणि काही दशकांत सपाटीची झाडे चांगला पाऊस असो वा नसो, वर्षानुवर्षे जाड वलये घालत होती. त्या जाडीचे श्रेय प्रतिरूप आधीच्या चांगल्या पावसाला देऊन बसले होते.

कृती: वनविभागाच्या नोंदींकडे

आता तीन रस्ते होते. सपाटीचे कक्ष सोडून द्यायचे. ते ठेवून खोल मातीचा अर्थ लेखात लिहायचा. किंवा त्या कक्षाचा इतिहास शोधायचा. पहिल्यात नमुने निम्मे झाले असते, दुसऱ्यात लेख वेळेत गेला असता, तिसऱ्यात काय मिळेल याची खात्री नव्हती.

संशोधिकेने तिसरा धरला. जुन्या कार्य आयोजना (जंगलाच्या व्यवस्थापनाचे आराखडे) आणि कक्षांच्या इतिहासाच्या वह्या वनविभागाच्या कार्यालयात असतात. काही इंग्रजीत, काही मराठीत, काही वाळवीने खाल्लेल्या. त्यांत कोणत्या कक्षात कोणत्या वर्षी कूप पडले, विरळणी कधी झाली, वणवा कधी लागला याच्या नोंदी असतात. एका निवृत्त वनपालांनी त्या वाचायला मदत केली. कोणती नोंद प्रत्यक्ष कामाची आणि कोणती नुसत्या नियोजनाची, हे त्यांना कागदाच्या रकान्यावरून कळत होते. आम्हा कोणालाच ते कळले नसते.

सपाटीच्या कक्षात विरळणी झाली होती, एकदा नव्हे. शेजारची झाडे निघाली की उरलेल्या सागाला उजेड, पाणी आणि मुळांना जागा मिळते. मग तो कित्येक वर्षे जाड वलये घालतो, आणि नव्या फुटव्यांनी जागा पुन्हा भरली की हळूहळू आखडतो. ही चढ-उतार हुबेहूब हवामानाच्या लांब स्मृतीसारखी दिसते. तोडीच्या काही नोंदी नेमक्या चांगल्या पावसाच्या वर्षांजवळ पडल्या होत्या, त्यामुळे प्रतिरूपाला दोन्हींत फरक करणे शक्यच नव्हते. उताराच्या कक्षातून ओंडके काढणे कठीण, म्हणून तिथे तोड फारच थोडी.

त्या वनपालांनी आणखी एक गोष्ट सहज सांगितली: मृग लागल्यावर कोवळी पालवी अळी खाते, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात पानांच्या नुसत्या शिरा ठेवणारी दुसरी अळी येते. दोन्ही कीटक वनशास्त्राला चांगले ठाऊक आहेत. ज्या वर्षी अळीने जंगल बोडके केले त्या वर्षीचे वलय बारीक असते, पाऊस कितीही असो. लेखी नोंद तुरळकच होती. शंकास्पद वर्षांच्या वलयांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जिथे पेशींच्या पट्ट्या हंगामाच्या मध्येच विस्कटलेल्या दिसल्या ती वर्षे संशयित ठरवली, आणि प्रतिरूप त्या वर्षांसह आणि त्यांच्याशिवाय असे दोनदा चालवले.

मग विरळणीचा परिणाम प्रतिरूपात वेगळा घातला: नोंद असलेल्या वर्षापासून चढणारा आणि काही वर्षांत ओसरणारा, दर झाडाला वेगळा. कारण ज्याच्या शेजारचे झाड निघाले त्यालाच लाभ होतो.

निष्पत्ती

लांब शेपूट आखडले. दोन्ही कक्षांतली वजने एकमेकांच्या जवळ आली. पक्के उरले ते एवढे: यंदाच्या भर पावसाळ्याचा वाटा, आणि गेल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटाचा त्याला तुल्यबळ वाटा. दुसऱ्या मागच्या वर्षाचा परिणाम पुसट राहिला, त्याच्यापलीकडे सांगण्यासारखे काही उरले नाही. रुळलेल्या पद्धतीने काढलेल्या समांतर निकालात तर गेल्या वर्षाचा वाटाही जवळपास नाहीसा झाला होता. दोन्ही निकाल शेजारी ठेवल्यामुळे हे दाखवता आले की पहिली पद्धत खरी स्मृतीही धुऊन टाकते आणि दुसरी, जंगलाचा इतिहास न घेता वापरली तर, खोटी स्मृती जोडते.

सलग दुष्काळांच्या प्रश्नाचे उत्तर अर्धेच मिळाले. दुसऱ्या वर्षी झाडे जास्त खचतात असा कल दिसला, पण असे जोडदुष्काळ नोंदीत मोजकेच असल्याने त्यावर ठाम विधान केले नाही. लेख फेलोशिप संपल्यावर प्रसिद्ध झाला. उशिराची किंमत संशोधिकेने मोजली. मधल्या काळात तिने तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवले, आणि आधीचा ठसठशीत निकाल हाती असता तर नोकरीचे अर्ज जास्त वजनदार झाले असते हेही खरे. पोस्टडॉकच्या दोन वर्षांच्या चौकटीत या प्रकारच्या प्रश्नाला पुरेसा वेळ नाही. वर्षाचा मोठा भाग परवानग्यांत आणि वलये जुळवण्यात जातो, आणि मग शंका तपासण्याऐवजी ती झाकण्याकडे प्रकल्प ढकलला जातो. फेलोशिप देणाऱ्यांनी याचा गंभीरपणे विचार करायला हवा.

वेगळे काय करता आले असते

कक्षांचा इतिहास झाडे निवडण्याआधी वाचायला हवा होता. तो कागद कार्यालयात सुरुवातीपासून होता. जागा निवडताना आम्ही माती, उतार आणि पाऊस पाहिला, कुऱ्हाड पाहिली नाही. भारतातल्या सागाच्या जंगलांत दीडशे वर्षांचे शास्त्रीय वनव्यवस्थापन मुरलेले आहे. डीट्रिच ब्रँडिस १८६४ मध्ये भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले, तेव्हापासून साग मोजला, राखला आणि तोडला जात आला आहे. अशा झाडाला अस्पर्श जंगलातल्या झाडासारखे वाचता येत नाही.

तोड न झालेल्या जागा मुद्दाम शोधायला हव्यात: अवघड घळी, किल्ल्यांचे कडे, आणि साग असेल तिथे देवराया. नमुने कमी मिळतील, पण प्रतिरूपाची कसोटी घ्यायला ते पुरतात.

पावसाच्या चौकटीतल्या नोंदीवर आम्ही जरा जास्तच विसंबलो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पर्जन्यमापक विरळ होते, आणि जंगलातला पाऊस बहुधा तालुक्याच्या गावच्या मापकावरून अंदाजलेला असतो. त्यामुळे यंदाच्या पावसाचा वाटा खराहून कमी दिसतो आणि ती जागा मागची वर्षे भरून काढतात. मोजमापातली ही चूक प्रतिरूपातच मांडता आली असती. ते काम अजून राहिले आहे.

आणि खोडाला पट्टी बांधून दर पंधरवड्याला घेर मोजण्याचे काम पहिल्याच पावसाळ्यात सुरू करायला हवे होते. साग नेमका कधी वाढू लागतो आणि कधी थांबतो हे त्यावरून थेट कळते, आणि महिन्यांची वजने निव्वळ आकडेमोडीवर सोडावी लागत नाहीत. उताराच्या कक्षातल्या काही झाडांना अशा पट्ट्या आता बांधल्या आहेत. त्या भागाचा वनरक्षक आपल्या गस्तीत त्यांचे आकडे वहीत टिपतो, आणि पुढच्या पोस्टडॉकच्या अर्जात त्याच्या या कामाच्या मानधनासाठी वेगळा रकाना ठेवला आहे.